चित्ररंगांचे घरगुती मिश्रण व पुनरुज्जीवन

चित्ररंगांचे घरगुती मिश्रण व पुनरुज्जीवन : तयार रंगांच्या अभावी उपलब्ध साधनांतून रंग बनविण्याच्या, ते एकमेकांत मिसळण्याच्या आणि सुकलेले वा जुने झालेले रंग पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या पद्धती. चित्रकार, कारागीर, नेपथ्यकार, शाळकरी विद्यार्थी व हौशी मंडळी या पद्धती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आली आहेत. त्यांतील पुष्कळसे ज्ञान लिहून न ठेवता हातांनी शिकविले गेले. महाराष्ट्रात या ज्ञानाचा धागा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांपासून चित्रपटांच्या रंगीत फलकांपर्यंत दाखविता येतो.

कोणत्याही चित्ररंगाचे मुख्यतः तीन घटक असतात : रंगद्रव्य, बंधक व द्रव. रंगद्रव्य म्हणजे न विरघळणारी रंगीत पूड. बंधक म्हणजे ती पूड पृष्ठभागाला व परस्परांना चिकटवून ठेवणारा पदार्थ. द्रवामुळे रंग पसरविता येतो आणि पुढे तो उडून जातो. गेरू, पिवडी, काजळी यांसारखी रंगद्रव्ये शतकानुशतके टिकतात. ती सहसा ‘जुनी’ होत नाहीत. जुने होते ते बंधक. त्यामुळे सुकलेला रंग पुन्हा जिवंत होईल की नाही, हे त्याच्या छटेवर नव्हे, तर बंधकाच्या स्वरूपावर अवलंबून असते. घरगुती रंगविद्येचा सर्व इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

सुकण्याचे प्रकार : रंग तीन प्रकारे सुकतात. पहिल्या प्रकारात केवळ द्रव उडून जातो व बंधक मूळ रूपात मागे राहते. डिंक, सरस, चपडी लाख व नायट्रोसेल्युलोजयुक्त लाखरोगण हे या वर्गातील पदार्थ होत. त्यांचा मूळ द्रव, म्हणजे अनुक्रमे पाणी, कोमट पाणी, स्पिरिट व विशिष्ट थिनर, पुन्हा घातला की ते मऊ होतात वा विरघळतात. दुसऱ्या प्रकारात बंधकाचा हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. जवसाचे तेल आणि डब्यांतून मिळणारे इनॅमल रंग असे सुकतात. एकदा कडक झालेले तेल टर्पेंटाइनने पूर्ववत होत नाही. तिसऱ्या प्रकारात पाण्यात तरंगणारे रेझिनाचे सूक्ष्म कण पाणी उडताच एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनवितात. ॲक्रिलिक रंग व फेव्हिकॉलसारखे पांढरे गोंद या वर्गात मोडतात. त्यांत पुन्हा पाणी घातले तरी सुटे कण परत मिळत नाहीत.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : अजिंठ्याच्या चित्रांत तांबडी व पिवळी गेरूमाती, हिरवी माती, चुनखडी वा केओलीन यांचे पांढरे रंग आणि काजळी ही बहुतांशी जवळपास मिळणारी रंगद्रव्ये आढळतात. निळ्या रंगासाठी वापरलेला लाजवर्द मात्र अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला होता. ही चित्रे ओल्या चुन्यावर नव्हे, तर सुक्या गिलाव्यावर, चिकट बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली आहेत. त्यामुळे पाणी व ओल यांपासून त्यांना नेहमीच धोका राहिला.

बंधक साठवून ठेवण्याची व पुन्हा जिवंत करण्याची रीत कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात स्पष्टपणे सांगितली आहे. म्हशीचे कातडे पाण्यात लोण्याइतके मऊ होईपर्यंत शिजवावे, त्या लगद्याच्या कांड्या वळून वाळवाव्या व गरज पडेल तेव्हा कांडी पाण्यात तापवून वापरावी, असा तो विधी आहे. या पदार्थाला ‘वज्रलेप’ म्हटले आहे. त्याच ग्रंथात शुद्ध रंगांपासून मिश्र छटा कशा कराव्या, याचेही विवेचन आहे, उदा., शंखाच्या पांढऱ्या चूर्णात हिंगूळ मिसळला असता रक्तकमळाची छटा येते. पाण्यात उतरणारे बंधक कोरडे करून टिकविणे आणि पाण्यानेच ते परत मिळविणे, हे तत्त्व त्या काळी व्यवहारात पक्के झालेले होते, असे यावरून दिसते.

लोककलांतील रीती : ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली चित्रांचा पांढरा रंग हे आयत्या वेळी करावयाच्या रंगाचे साधे उदाहरण होय. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, प्रसंगी त्यात डिंक घालून हा रंग होतो व टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने तो गेरू वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर लावला जातो. लग्नातील देवचौकासारख्या प्रसंगी काढलेले चित्र फार काळ टिकावे, अशी अपेक्षा नसते. म्हणून रंग टिकाऊ करण्याची वा साठविण्याची गरजही नव्हती. १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) व इतर वारली चित्रकार कागद व कापड यांवर काम करू लागले. तेव्हा मात्र पिठाचा रंग गुंडाळीच्या घडीत तडकतो व त्याला कीड लागते, ही अडचण पुढे आली. त्यामुळे पांढरा पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक रंग आणि त्यात पांढरा गोंद, असा बदल अनेकांनी स्वीकारला. विषय व रेषा त्याच राहिल्या. बदलले ते बंधक.

सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांना चिंचोक्याची खळ व खडूची पूड यांचा थर देऊन त्यावर रंगकाम करीत व शेवटी लाखेचे आवरण चढवीत. खळीचा थर पाण्याने सुटणारा, तर लाखेचा थर पाण्याला दाद न देणारा. एकाच पानावर दोन्ही गुणांची ही योजना सततच्या हाताळणीसाठी होती.

तयार रंगांचे आगमन : यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चित्रकार वा त्याचा शिष्य स्वतः रंग वाटीत असे. १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रीव्ह्‌ज बंधूंनी जलरंगाच्या वड्या प्रचारात आणल्या. १८३५ च्या सुमारास विन्सर अँड न्यूटन या संस्थेने वडीत ग्लिसरीन घालून ती ओलसर ठेवण्याची युक्ती वापरली. तैलरंग तोवर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथिलाच्या दाबनळीचे एकस्व मिळविले आणि तेलाचा हवेशी येणारा संबंध तोडून रंग दीर्घकाळ मऊ ठेवणे शक्य झाले.

मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेल्या कलाशाळेमुळे विलायती जलरंग व तैलरंग यांची शिस्तशीर ओळख महाराष्ट्राला झाली. पुढे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रांनी व शिळामुद्रित प्रतींनी तैलरंगाची गोडी घरोघर पोहोचविली. परंतु या रंगांबरोबर एक नवी अडचणही आली. देशी रंगाचा बंधक कारागिराला ठाऊक असे, कारण तो त्यानेच शिजविलेला असे. नळीतील रंगाचा बंधक मात्र दूरच्या कारखान्यात ठरलेला होता. रंग सुकला की त्यात काय घालावे, हे वापरणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागे.

कोकण किनाऱ्यावरील पावसाळी हवेने या प्रश्नात भर घातली. डिंक, मध व ग्लिसरीन हे पदार्थ ओलावा धरून ठेवतात व बुरशीला पोसतात. जून ते सप्टेंबर या काळात बंद पेटीतील वड्यांवर पांढरी बुरशी येणे मुंबई-ठाणे परिसरात नेहमीचे आहे. अशी बुरशी कोरड्या फडक्याने काढून वडी सावलीत वाळवावी लागते. बुरशीने डिंक खाल्ला असल्यास रंग कागदावर सुकल्यावर बोटाला लागतो. त्यात डिंकाचे पाणी घातल्याशिवाय तो धरत नाही.

रंगभूमी व चित्रपटफलक : संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रंगविलेले पडदे हे नाटकमंडळ्यांचे मोठे आकर्षण होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व त्यांचे बंधू आनंदराव यांनी असे पडदे रंगवून नाव मिळविले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापून सैरंध्री (१९२०) हा मूकपट काढला आणि चित्रपटांची जाहिरातचित्रेही स्वतः रंगविली.

पडद्यासाठी सामान्यतः सरसात कालविलेली रंगाची पूड वापरतात. सरसाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मंद आचेवर वितळवितात. सरस उकळू देत नाहीत. उकळल्याने त्याचा चिकटपणा कमी होतो. थंड झाल्यावर रंग खरवसासारखा गोठतो व पुन्हा तापविला की पातळ होतो. म्हणजे त्याचे ‘पुनरुज्जीवन’ रोजच्या कामाचाच भाग असते. दमट हवेत तो एकदोन दिवसांत नासतो व दुर्गंधी येते. असा सरस पुन्हा तापवून वापरला तर पडद्यावरचा रंग गुंडाळताना झडतो. ओला रंग सुकल्यावर बराच फिकट होतो, म्हणून छटा ठरविण्यापूर्वी कापडाच्या तुकड्यावर ती सुकवून पाहण्याची चाल पडली.

बोलपट आल्यानंतर मुंबईत चित्रपटगृहांसमोरील अजस्र फलक हाताने रंगविण्याचा व्यवसाय वाढला. मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी उमेदीच्या काळात असे फलक रंगविले होते. या कामात नळ्यांतील रंग परवडण्याजोगे नसत. रंगाची पूड जवसाच्या तेलात खलून व टर्पेंटाइनने सैल करून वापरीत. चित्रपट उतरला की त्याच कापडावर पांढरा थर देऊन पुढचा चित्रपट रंगविला जाई. अशा कामात टिकाऊपणापेक्षा वेग व दुरून दिसणारा ठसठशीतपणा महत्त्वाचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकीय छपाईचे फलक आल्यावर हा व्यवसाय जवळजवळ संपुष्टात आला आणि मोठ्या प्रमाणावर रंग खलण्याचे कसबही त्याबरोबर मागे पडले.

देशी उत्पादन व शालेय चित्रकला : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात माल दुर्मिळ झाला व स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध राहिले. विलायती नळी जपून वापरणे, संपलेली नळी कापून आतला सुकलेला जलरंग वडीसारखा वापरणे या सवयी त्या टंचाईला साजेशा होत्या. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या उत्पादनाने सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने १९६० नंतरच्या दशकात चित्रकलेचे रंग काढले व देशी रंग सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. महाराष्ट्राच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांमुळे पोस्टर रंगांच्या बाटल्या गावोगावच्या शाळांत पोहोचल्या. सुकलेली बाटली हा तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या नित्य अनुभवाचा भाग झाला.

डिंकावर आधारलेल्या पोस्टर रंगाची अशी बाटली बहुधा वाचविता येते. सुकलेल्या गोळ्याचे तुकडे करून त्यांवर ते बुडतील इतकेच कोमट, स्वच्छ पाणी घालतात व झाकण लावून एक दिवस ठेवतात. मग काचेवर वा चिनी मातीच्या बशीत गुठळ्या मोडेपर्यंत खलतात. रंग सुकल्यावर हाताला लागत असेल, तरच डिंकाचे पाणी थोडे थोडे घालतात. डिंक जास्त झाला तर रंग चमकतो व तडकतो. ग्लिसरीनचे एकदोन थेंब तडकणे कमी करतात. त्याहून अधिक घातल्यास रंग ओलसर राहतो. लवंगेच्या तेलाचा थेंब बुरशीला आळा घालतो. कुजकट वास येणारा रंग मात्र टाकून देणेच इष्ट असते.

किनारपट्टीवरील रंगकाम : मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तनपासून वसई, अर्नाळ्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत रंगाचा संबंध चित्रापेक्षा होडीच्या आयुष्याशी आहे. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी व रंगकाम करतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या संरक्षणासाठी माशाचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, राळ आणि तेलात वा चरबीत कालविलेला चुना ही पारंपरिक लेपने वापरात होती. पुढे त्यांची जागा डब्यांतील तैलरंगांनी घेतली.

डब्यातील अशा रंगाचे वर्षभराने काय होते, हे हौशी प्रतिकृतिकाराच्या लहानशा डबीलाही तितकेच लागू पडते. वर साय धरते, मधे तेल सुटते व तळाशी पूड बसते. साय हा सुकून कायमचा बदललेला भाग असल्याने ती ढवळून आत मिसळू नये. सुरीने कडेकडेने कापून अखंड उचलावी. तळाची पूड खरवडून वर आणावी, सावकाश पुष्कळ वेळ ढवळावे व रंग मलमलीच्या फडक्यातून गाळावा. टर्पेंटाइन अखेरीस व थोडेच घालावे. ते जास्त झाल्यास बंधकाचे प्रमाण घटून रंग निस्तेज व भुसभुशीत होतो. डबी पूर्ण दगड झाली असेल, तर कोणत्याही द्रवाने ती परत मिळत नाही. उरलेला रंग लहान डबीत काठोकाठ भरून ठेवल्यास आत हवा कमी राहते व साय धरण्यास वेळ लागतो. ॲक्रिलिक रंग घट्ट झाला असेपर्यंतच पाण्याने सैल होतो. रबरासारखे तुकडे झाल्यावर तो निरुपयोगी ठरतो.

मिश्रणाचे नियम : मिश्रणात प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते; म्हणून जितके रंग अधिक, तितकी छटा काळपट होते. दोन, फार तर तीन रंगांत काम भागवावे, हा जुन्या रंगाऱ्यांचा दंडक या तत्त्वावर आधारलेला आहे. नीळ व हरताळ यांपासून हिरवा करण्याची भारतीय रीत त्याचे चांगले उदाहरण होय. पांढऱ्याच्या बाबतीत बंधकाचा विचार अटळ ठरतो. खडूची पूड सरसात वा डिंकात झाकणारा पांढरा रंग देते. तीच तेलात घातली तर करडी, अर्धपारदर्शक लुगदी होते. खडू व जवसाचे तेल यांचे प्रकाशाचे वक्रीभवनांक जवळजवळ असल्याने तेलात खडूचे कण दिसेनासे होतात. जस्ताचा वा टिटॅनियमाचा पांढरा रंग मात्र तेलातही झाकतो, कारण त्यांचे वक्रीभवनांक बरेच जास्त आहेत. भिन्न वर्गांतील बंधके एकत्र करणे, उदा., पाण्याच्या रंगात टर्पेंटाइन वा इनॅमलात पाणी घालणे, व्यर्थ असते, रंग फाटतो.

धोके : परंपरागत रंगद्रव्यांपैकी हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा आणि शेंदूर व जुना सफेदा यांत शिसे असते. अशी पूड घरी खलणे वा जुना थर घासून काढणे धोक्याचे असते, कारण विष धुळीवाटे शरीरात जाते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये करण्यात आले व २०१७ पासून अंमलात आले. त्यापूर्वीचा अनोळखी डबा सापडल्यास, विशेषतः त्याने खेळणी वा पाळणा रंगवावयाचा असल्यास, तो पुन्हा उपयोगात न आणणे हेच योग्य होय.

चित्रावरील जुना रंग : बाटलीतील रंगाला लागू पडणारी युक्ती चित्रावरील रंगाला लावली की हानी होते, हे अजिंठ्याच्या इतिहासावरून दिसून येते. रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर तेथील चित्रांच्या प्रती केल्या; त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी नव्या प्रती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. या नकलकारांनी फिकट झालेले रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण लावले होते. रोगणाने कोरडी पूड ओली केल्यासारखी दिसते व छटा तात्काळ खुलते. पण ते काळाबरोबर पिवळे पडते, धूळ व काजळी धरते आणि आकसताना खालचा रंग ओढून काढते. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने इटलीतून बोलाविलेल्या तज्ञांनी सुटलेले पापुद्रे पक्के करण्याचे मोलाचे काम केले. परंतु त्यांनी वापरलेले लाखेचे रोगणही पुढे काळवंडले. ही आवरणे मूळ रंग न दुखविता काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला नंतरची अनेक दशके करावे लागले.

या अनुभवांतून आधुनिक संधारणशास्त्राने एक नियम स्वीकारला आहे : चित्रावर जे काही लावावयाचे, ते पुढे मूळ रंगाला धक्का न लावता काढता आले पाहिजे. वज्रलेपाची कांडी पाण्यात तापविणारा कारागीर याच गुणावर विसंबून होता. त्याच्या बंधकाला परतीची वाट होती. आज घरात सापडलेली जुनी बाटली उघडताना प्रथम विचारावयाचा प्रश्न तोच आहे. बंधक परत फिरणारे असेल, तर थोडे पाणी व धीर पुरतो; नसेल, तर प्रयत्न सोडून द्यावा. वाडवडिलांच्या चित्राची, पोथीतील आकृतीची वा देवघरातील रंगीत तसबिरीची छटा मात्र घरी उजळण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तेथे पहिली चूक बहुधा दुरुस्त होत नाही.